खालाचा अंगठा, विमानाचं बटण आणि ‘माणूस-यंत्र’ इंजिनिअरांची संस्था

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांबरोबर आम्ही रेशन दुकानात गेलो होतो. खालांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्यात. दुकानदाराने मशीन पुढे केलं, खालांनी अंगठा ठेवला, मशीन म्हणालं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, मग दुसऱ्या हाताचा अंगठा. तरी नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, ‘खाला, हात धुऊन या ना नीट.’ दुकानदार म्हणाला, ‘तुमचा अंगठा खराब आहे, उद्या या.’ आणि खालांनी, बिचाऱ्यांनी, रांगेतल्या सगळ्यांची माफी मागितली.

त्या दिवसापासून आम्हाला एक गोष्ट खटकते. दुकानात पंधरा-वीस माणसं होती, पण ‘मशीन खराब आहे’ असं एकानेही म्हटलं नाही. अंगठाच खराब! आणि खरं सांगायचं तर मशीनही बिघडलेलं नव्हतं, कारण पुढच्या माणसाचा अंगठा लगेच लागला. मग चूक कुणाची? खालांची नाही, मशीनची नाही. चूक त्या दोघांच्या मधल्या जागेत होती. मशीन बनवणाऱ्याने ज्या बोटाची कल्पना केली, ते बोट खालांचं नव्हतं.

या मधल्या जागेचा अभ्यास करणारी इंजिनिअरांची एक जागतिक संस्था आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं इंजिनिअरिंगला जातात, पण हे नाव क्वचितच ऐकू येतं. म्हणून हा लेख.

नाव लांबलचक, काम ओळखीचं

आय-ट्रिपल-ई हे नाव इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना माहीत असतं. अमेरिकेतल्या दोन जुन्या संस्था, एक 1884 सालची आणि दुसरी 1912 ची, 1963 मध्ये एकत्र आल्या आणि आय-ट्रिपल-ई तयार झाली. आज तिचे जगभरात चार लाखांहून जास्त सदस्य आहेत. घरातल्या वाय-फायचं तांत्रिक मानक हिनेच ठरवलेलं आहे. या मोठ्या छत्रीखाली विषयवार सोसायट्या आहेत : विजेची वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी, रोबोटची वेगळी. त्यातली एक म्हणजे ‘सिस्टिम्स, मॅन अँड सायबरनेटिक्स सोसायटी’. थोडक्यात एस-एम-सी.

तिची मुळं दोन. 1960 साली रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने ‘इलेक्ट्रॉनिक्समधले मानवी घटक’ या विषयावर वेगळी संशोधनपत्रिका काढली. रडारच्या पडद्यासमोर बसलेला माणूस किती वेळ नीट पाहू शकतो, डायल कुठे असावी, बटण कसं असावं, असे प्रश्न त्यात होते. दुसरीकडे 1965 मध्ये ‘सिस्टिम सायन्स आणि सायबरनेटिक्स’ची पत्रिका सुरू झाली. तिथली मंडळी गणितवाली. सत्तरच्या दशकाच्या सुरवातीला हे दोन्ही प्रवाह एक झाले आणि जानेवारी 1971 पासून एकच पत्रिका निघू लागली. आज सोसायटीच्या चार मुख्य पत्रिका आहेत. एक सिस्टिमवर, एक सायबरनेटिक्सवर, एक माणूस-यंत्र व्यवस्थेवर आणि एक समाज व संगणक यांच्या संबंधावर. दरवर्षी मोठी परिषद भरते. 2024 ची मलेशियातल्या कुचिंग शहरात झाली, 2025 ची व्हिएन्नाला.

नावात ‘मॅन’ अजूनही आहे, याच्यावर आमच्या घरातल्या मुलीने लगेच बोट ठेवलं. तिचं बरोबर आहे. एका पत्रिकेच्या नावात आता ‘ह्यूमन’ आलं, पण सोसायटीची पाटी जुनीच राहिली.

सुकाणू धरणारा

‘सायबरनेटिक्स’ हा शब्द ऐकला की सायबर क्राइम आठवतं. पण शब्द त्याच्या आधीचा आहे. अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी 1948 साली या नावाचं पुस्तक लिहिलं. ग्रीक भाषेत ‘किबरनेटिस’ म्हणजे सुकाणू धरणारा.

कोकणातल्या आमच्या वाचकांना याहून जास्त समजावायला नको. तांडेल सुकाणू एकदा वळवून झोपत नाही. होडी कुठे जातेय ते बघतो, वारा किती ढकलतोय ते बघतो, जास्त वळली तर थोडी मागे आणतो, पुन्हा बघतो. केलेल्या कामाचा परिणाम बघून पुढचं काम बदलायचं, याला इंजिनिअर ‘फीडबॅक’ म्हणतात. फ्रिज हेच करतो, इस्त्रीतला थर्मोस्टॅट हेच करतो, आपलं शरीर घाम आणून हेच करतं. वीनर यांचं म्हणणं असं की प्राणी असो की यंत्र, नियंत्रणाचं मूळ गणित एकच.

दुसऱ्या महायुद्धात वीनर विमानविरोधी तोफांच्या गणितावर काम करत होते. विमान पुढे कुठे असेल याचा अंदाज बांधायचा, आणि त्यात विमान चालवणाऱ्या माणसाचं वागणंही मोजायचं. युद्ध संपल्यावर मात्र हा माणूस बदलला. 1947 मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की शस्त्रांच्या कामाला आपलं संशोधन आपण देणार नाही. 1950 मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी दुसरं पुस्तक लिहिलं. त्याचा विषय असा की यंत्र आल्यावर माणसाचा वापर माणसासारखा कसा राहील. 1955-56 मध्ये ते कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये येऊनही राहिले होते. सोसायटीचा मोठा पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.

इथे आपल्याकडे कोणीतरी हमखास म्हणतं, ‘हे तर आपल्या लोकांनी आधीच शोधलं होतं.’ त्यात तथ्य आहे, पण जेवढं आहे तेवढंच सांगावं. बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी नवव्या शतकात ‘किताबुल हियल’ लिहिली. आपोआप तेल ओढणारे दिवे आणि पाण्याची पातळी सांभाळणाऱ्या झडपा त्यात आहेत. म्हणजे फीडबॅकच. दियारबकरच्या दरबारातले अल-जझरी यांचा ग्रंथ 1206 चा. त्यात वजूसाठी पाणी ओतणारं एक यंत्र आहे. वजूच्या वेळी नोकराने हातावर पाणी घालावं हे बादशहाला आवडत नव्हतं, म्हणून त्याने ते बनवून मागितलं. आम्हाला हा तपशील फार मोलाचा वाटतो. माणसाला कशाने अवघडल्यासारखं होतं, तिथून यंत्राची सुरवात झाली. पण बगदाद आणि दियारबकरनंतर गणित पुढे नेलं ते इतरांनी, हेही तेवढंच खरं.

‘थोडं गरम’ मशीनला कसं सांगायचं?

या सोसायटीच्या पत्रिकेत जानेवारी 1973 मध्ये एक लेख आला. लेखक लुत्फी झादेह. जन्म 1921, बाकू. वडील इराणी अझरबैजानी पत्रकार, आई ज्यू डॉक्टर. शिक्षण तेहरानला, मग अमेरिका, आणि 1959 पासून बर्कली विद्यापीठात प्राध्यापक. 2017 मध्ये बर्कलीत वारले, दफन बाकूत झालं.

झादेह यांनी 1965 मध्येच एक साधी वाटणारी गोष्ट मांडली होती. गणितात एखादी वस्तू गटात असते किंवा नसते. ‘उंच माणसं’ असा गट केला आणि रेघ पाच फूट दहा इंचांवर मारली, तर पाच फूट साडेनऊ इंचाचा माणूस बुटका ठरतो. आपण असं बोलत नाही. आपण म्हणतो, ‘तसा उंच आहे’, ‘फार नाही’, ‘बऱ्यापैकी’. झादेह म्हणाले, गटात असणं हे शून्य किंवा एक नको, मधल्या पायऱ्याही असू देत. एखादा माणूस 0.7 इतका उंच असू शकतो. याला फझी म्हणजे धूसर गट म्हणतात. 1973 च्या लेखात ते पुढे गेले. व्यवस्था जितकी गुंतागुंतीची होते, तितकं तिच्याबद्दल अचूक आकड्यात आणि तरीही उपयोगाचं बोलणं कठीण होतं. मग आकड्यांच्या जागी शब्द वापरू या : ‘कमी’, ‘जास्त’, ‘फारच जास्त’. आणि नियमही माणसासारखे, ‘जर असं असेल तर तसं कर’.

विरोध खूप झाला. रुडॉल्फ कालमन यांच्यासारख्या नामवंताने जाहीर टीका केली. अंदाजपंचे बोलण्याला विज्ञान म्हणायचं का, असा सूर होता.

उत्तर लंडनमधून आलं, आणि तेही वाफेच्या इंजिनावर. इब्राहिम ममदानी यांचा जन्म टांझानियातला, शिक्षण भारतातलं, नंतर लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात. 1974-75 च्या सुमारास त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी असिलियन यांनी प्रयोगशाळेतलं छोटं वाफेचं इंजिन अशा शब्दांच्या नियमांवर चालवून दाखवलं. आत काय होतं ते असं समजा. दाब थोडा जास्त आहे आणि वाढतच चाललाय, तर आच बरीच कमी कर. दाब ठीक आहे पण हळूहळू उतरतोय, तर आच किंचित वाढव. बिर्याणीच्या देगीजवळ उभा असलेला बावर्ची हेच करतो, तो थर्मामीटर लावत नाही. ममदानींनी बावर्चीचं शहाणपण मशीनला वाचता येईल असं लिहिलं. एका वेळी दोन-तीन नियम थोडे थोडे लागू पडतात, त्या सगळ्यांचं वजन घालून मशीन एक मधलं उत्तर काढतं. आज जगभरच्या इंजिनिअरिंग पुस्तकांत या पद्धतीला ‘ममदानी पद्धत’च म्हणतात. तुमच्या मुलाच्या अभ्यासक्रमात असेल, विचारून बघा.

पुढे जपानमध्ये सेंदाई शहराची मेट्रो 1987 मध्ये अशा नियंत्रणावर सुरू झाली. गाडी झटका न देता सुटावी आणि थांबावी, हा हेतू. नंतर भात शिजवायची भांडी, कपड्यांची मशीन यांत ते आलं. आपल्याकडे वॉशिंग मशीनवर ‘फझी लॉजिक’ लिहिलेलं असतं, दुकानदारही सांगतो, ‘फझी आहे, घ्या’. ते हे. बाकूचे झादेह आणि टांझानियाचे ममदानी.

रेघ कोण मारतो?

आता पुन्हा खालांच्या अंगठ्याकडे येऊ.

आपल्याला वाटतं मशीन अंगठा ‘ओळखतं’ किंवा ‘ओळखत नाही’. आतमध्ये तसं नसतं. मशीन आताच्या ठशाची नोंदवलेल्या ठशाशी तुलना करतं आणि साम्याचा एक आकडा काढतं. तो आकडा ठरवलेल्या रेघेच्या वर गेला तर हो, खाली राहिला तर नाही. रेघ वर नेली की परका माणूस आत शिरण्याची शक्यता कमी होते, पण खालांसारखे खरे लोक बाहेर राहतात. खाली आणली की उलट. दोन्ही चुका एकदम शून्य करता येत नाहीत. म्हणजे रेघ कुठे मारायची हा नुसता तांत्रिक प्रश्न राहिला नाही. कोणती चूक जास्त महाग, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. बँकेच्या तिजोरीला एक रेघ योग्य, पाच किलो तांदळाला तीच योग्य का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. शब्द वापरायचे तर खाला 0.6 इतक्या ‘खाला’ ठरल्या असतील, आणि पडद्यावर फक्त ‘नाही’ उमटलं.

रेघ मारण्याचंही शास्त्र आहे, आणि त्यातला एक गाजलेला लेख याच सोसायटीच्या पत्रिकेत 1979 मध्ये आला. जपानी संशोधक नोबुयुकी ओत्सु यांचा. जुनी उर्दू किताब तुम्ही मोबाईलवर स्कॅन करता तेव्हा पिवळा पडलेला कागद पांढरा आणि शाई काळी होते. कोणता ठिपका शाई आणि कोणता कागद, याची रेघ चित्रातल्या रंगछटांवरूनच आपोआप काढायची रीत ओत्सुंनी दिली. कागद मळकट असेल तर रेघ सरकते. प्रत्येक कागदाला तीच रेघ नाही. खालांच्या अंगठ्याला ही सवलत मिळाली नाही.

आणि गोष्ट तांदळावर थांबत नाही. 2022 मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरातून समोर आलं की दिल्ली पोलीस चेहरा ओळखण्याच्या यंत्रणेत 80 टक्क्यांहून जास्त साम्य आलं तर ते जुळलं असं धरतात. 80 का? 75 का नाही, 95 का नाही? ज्याचा चेहरा 81 वर आला त्याच्या घरच्यांसाठी हा आकडा फार मोठा आहे. आपल्या समाजात हा विषय निघाला की राग येतो किंवा भीती वाटते, दोन्ही समजण्यासारखं आहे. पण रागासोबत हा साधा प्रश्न विचारता येणारी माणसंही हवीत : रेघ कुठे आहे, कशाच्या आधारावर, आणि चुकीच्या बाजूला पडलेल्याने दाद कुठे मागायची?

मुंबईहून निघालेलं विमान

14 फेब्रुवारी 1990. इंडियन एअरलाइन्सचं 605 क्रमांकाचं विमान मुंबईहून बंगळुरूला चाललं होतं. एअरबस ए-320, त्या वेळी अगदी नवं. दुपारची वेळ, हवामान स्वच्छ, इंजिनात बिघाड नाही. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर विमान उतरलं आणि पेटलं. 146 पैकी 92 जणांचा जीव गेला.

तपासात दिसलं की उतरताना विमान अशा पद्धतीत गेलं होतं जिच्यात इंजिन जवळजवळ सुस्त राहतं. वेग घटत गेला, आणि वैमानिकांच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला. तसं का झालं असावं? समोरच्या पॅनलवर उंची ठरवायचं बटण आणि खाली यायचा वेग ठरवायचं बटण शेजारी शेजारी असतात. एकाच्या ऐवजी दुसरं फिरवलं गेलं असावं, ही एक शक्यता तपासात धरली गेली.

दोन वर्षांनी, 20 जानेवारी 1992 ला, फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळ तशाच ए-320 ने डोंगराला धडक दिली, 87 मृत्यू. तिथे सर्वात शक्य वाटलेलं कारण असं : वैमानिकांना 3.3 अंशांच्या कोनात खाली यायचं होतं, त्यांनी 33 भरलं, पण यंत्र दुसऱ्या पद्धतीत होतं. त्याने 33 चा अर्थ मिनिटाला 3300 फूट असा घेतला. पडद्यावर दोन्ही वेळा जवळपास तेच दोन आकडे! नंतर एअरबसने तो पडदा बदलला. वेग चार आकड्यांत पूर्ण दिसू लागला.

वैमानिकाची चूक झाली असं म्हणून फाइल बंद करता येते, आणि बऱ्याचदा तशी होतेही. या क्षेत्रातले लोक पुढचा प्रश्न विचारतात : शिकलेला, अनुभवी माणूस अशी चूक करू शकेल अशी जागा कोणी ठेवली? डेन्मार्कचे येन्स रासमुसेन यांनी 1983 मध्ये एस-एम-सीच्या पत्रिकेत लिहिलं की माणूस तीन तऱ्हांनी काम करतो. हाताला सवय म्हणून, पाठ नियम म्हणून, आणि नवीन प्रसंग आला की डोकं चालवून. स्कूटर चालवताना ब्रेक हात मारतो, सिग्नलला नियम थांबवतो, आणि रस्ता बंद असला की आपण खरा विचार करतो. प्रत्येक तऱ्हेतली चूक वेगळी, म्हणून तिच्यावरचा उपायही वेगळा. हाताच्या सवयीची चूक ‘लक्ष द्या’ असा बोर्ड लावून जात नाही. बटण बदलावं लागतं.

एमआयटीचे थॉमस शेरिडन, जे या सोसायटीचे अध्यक्षही होते, यांनी आणखी एक शिडी दिली. यंत्राला किती अधिकार द्यायचा याच्या दहा पायऱ्या. सर्वात खाली, सगळं माणूसच करतो. मग यंत्र पर्याय सुचवतं. त्यावर, यंत्र एक पर्याय निवडतं पण माणसाने हो म्हटल्यावरच करतं. आणखी वर, करून टाकतं आणि नंतर सांगतं. सर्वात वर, सगळं स्वतः ठरवतं आणि माणसाला जुमानत नाही. 2000 साली शेरिडन, परसुरामन आणि विकन्स यांनी ही शिडी जास्त बारकाईने याच पत्रिकेत मांडली. रेशनचं मशीन कितव्या पायरीवर आहे ते तुम्हीच मोजा. दुकानदार खालांना वीस वर्षं ओळखतो, पण त्या दिवशी त्याच्या ओळखीला काहीच अधिकार नव्हता.

नियमात मात्र दार ठेवलेलं आहे, हे इथेच सांगून टाकतो. बायोमेट्रिक जुळलं नाही एवढ्याच कारणावर धान्य नाकारू नये, असे केंद्राचे निर्देश राज्यांना गेलेले आहेत. मोबाईलवर ओटीपी, डोळ्याच्या बुबुळाचं स्कॅन, घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा, असे पर्याय ठिकठिकाणी असतात. अडचण अशी की ‘नाही’ म्हणणारा पडदा ते सांगत नाही. आणि आधारला जुना, बंद झालेला मोबाईल नंबर असेल तर ओटीपी येणार कुठे? घरातल्या बुजुर्गांचा नंबर जुना असेल तर तो आधी बदलून घ्या.

आपल्या मुलामुलींसाठी

निकाल लागले की आमच्याकडे फोन येतात, ‘मुलाला कॉम्प्युटरला टाकू की आयटीला?’ या दोन शब्दांच्या पलीकडे बोलणं जात नाही. एस-एम-सीचं क्षेत्र कुठल्याही एका शाखेत बसत नाही. मेकॅनिकलची मुलगी येऊ शकते, इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा येऊ शकतो, मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्र शिकलेलेही येतात. आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोल शिकवलं जातं आणि डिझाइन शिकवणारं आयडीसीही तिथेच आहे. पडदे, बटणं, माणसाचा हात यांचा विचार करणारी माणसं दवाखान्याची उपकरणं, गाड्या, बँकेची अ‍ॅप बनवणाऱ्यांनाही लागतात.

आज एआय म्हणून जे गाजतंय त्याचंही एक मूळ इथे आहे. 1983 मध्ये बार्टो, सटन आणि अँडरसन यांनी याच पत्रिकेत एक लेख दिला. गाड्यावर काठी उभी ठेवायची, काठी पडली की यंत्राला फक्त ‘पडली’ एवढंच कळवायचं, बाकी त्याने स्वतः शिकायचं. सायकल शिकताना आपण असेच शिकलो. बार्टो आणि सटन यांना 2024 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च. मुंग्या वाट कशी शोधतात त्यावरून रस्त्यांचं गणित सोडवणारा डोरिगो आणि सहकाऱ्यांचा 1996 चा लेखही इथलाच. सूरह नमल पढणाऱ्या मुलांना हे सांगितलं तर त्यांचे डोळे चमकतात, आम्ही बघितलंय.

सदस्य व्हायचं तर आधी आय-ट्रिपल-ईचं विद्यार्थी सदस्यत्व, त्यावर सोसायटीचं. दोन्हींचं शुल्क वेगळं भरायचं असतं. मुंबई आणि पुण्यात आय-ट्रिपल-ईचे सेक्शन आहेत, आणि पुष्कळ कॉलेजांत विद्यार्थी शाखा आहे. आमचं मत विचाराल तर पहिल्या वर्षी नुसतं सर्टिफिकेट मिळवण्यासाठी पैसे घालू नका. कॉलेजच्या लायब्ररीतून पत्रिका मोफत वाचता येतात का, ते आधी विचारा. दोन लेख वाचून मुलाला गोडी लागली तर मग सदस्य व्हा.

आणि एक सावधगिरी. ‘आंतरराष्ट्रीय परिषदेत पेपर छापून देतो, इतके हजार भरा’ असे मेसेज मुलांना येतात. नाव ऐकायला भारी असतं, छपाई चार दिवसांत होते, आणि अशा पेपरला पुढे कोणी विचारत नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलाच्या अब्बांनी उसने पैसे काढून ते भरले होते. खऱ्या पत्रिकेत लेख तज्ज्ञ तपासतात, परत पाठवतात, त्याला महिने लागतात. लवकर आणि खात्रीने छापून देणारा दिसला की हात आखडता घ्या.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधणाऱ्यांसाठी आमच्याकडे एक विषय आहे. दुकानदाराची आणि तिथल्या लोकांची परवानगी घेऊन एक महिना रेशन दुकानात बसा. कुणाचंही नाव, आधार नंबर लिहून घेऊ नका. एवढंच लिहा : वय अंदाजे किती, काम कोणतं, अंगठा कितव्या वेळी लागला, नाही लागला तर पुढे काय झालं, दुसरा पर्याय कोणी सांगितला का. विडीकाम, पॉवरलूम, धुणीभांडी, गवंडीकाम करणारी माणसं आणि ऑफिसात बसणारी माणसं यांचे आकडे वेगळे मांडा. मग मशीनचा पडदा पुन्हा आखून बघा, ‘नाही’ च्या जागी काय लिहिलं तर त्या माणसाला पुढचं पाऊल कळेल.

खालांच्या नातीने तेवढंच केलं, प्रोजेक्ट वगैरे काही नाही. आधारला नवीन नंबर जोडला, दुकानात जाऊन ओटीपीने करा म्हणाली. दुकानदाराने दोन मिनिटं मशीनमध्ये शोधलं, पर्याय तिसऱ्या पडद्यावर होता.